दुसरा ठसा

कसबा बावड्याच्या नव्या वसाहतीत मगदुमांच्या घरी दुपारी कुणी गेलं, तर दार सासूबाईच उघडायच्या, वॉकर पुढं सरकवत, हळूहळू. "सून हाय की वर. कामात हाय," असं सांगायच्या आणि पाहुण्याला पाणी द्यायला त्याच सुनेला हाक मारायच्या. मग रोहिणी जिना उतरून यायची, हेडफोन गळ्यात तसाच. पाणी द्यायची, दोन शब्द बोलायची, परत वर जायची. पाहुणे म्हणायचे, "घरात बसून नोकरी! नशीबवान हाय बघा पोरगी." रोहिणी हसायची.

लॉकडाऊनमध्ये पुण्याचं ऑफिस बंद पडलं तेव्हा ती कोल्हापूरला आली, ती आलीच. नवरा वृषभ रोज सकाळी मोटरसायकलवरून हुपरीला जायचा. तिथं त्याचा आणि थोरल्या भावाचा पैंजणांचा कारखाना. सासू राजमती, घरादाराच्या अव्वा. न्हाणीत पाय घसरून त्यांचा खुबा मोडला, सांधा बदलावा लागला, आणि तेव्हापासून घरात दुसरं माणूस असणं भाग झालं. पुढं ऑफिस उघडलं, सगळ्यांना बोलावणं आलं. रोहिणीला तेवढी सूट मिळाली, कारण तिचा साहेब धैर्यशील तिच्यासाठी भांडला. तो मूळचा कागलचा. "घरात म्हातारं माणूस पडलंय, तिला काय टाकून ये म्हणू?" असं त्यानं वरच्यांना तोंडावर विचारलं होतं. हे उपकार रोहिणी विसरली नव्हती, आणि धैर्यशील विसरूही देत नव्हता.

तिचं काम कुणाला सांगायचं तर पंचाईत. अव्वांनी एकदा भाकरी खाता खाता विचारलं होतं, "एवढं दिवसभर वर काय करतीस गं?"

"दवाखान्यातले रिपोर्ट असत्यात न्हवं अव्वा, ते आता दुसऱ्याच्या मशीनवर ठेवत्यात. भाड्याच्या."

"दुसऱ्याच्या? मग तो बघंल की!"

"त्यानं बघू नये, ह्येच माझं काम."

"मग चांगलं हाय," अव्वा म्हणाल्या आणि आमटी वाढून घेतली.

गोष्ट खरोखर तेवढीच होती. एका मोठ्या सर्व्हरच्या पोटात अनेकांची व्हर्च्युअल, म्हणजे नुसत्या प्रोग्रामनं उभी केलेली, मशीन चालतात. सर्व्हर ज्याचा, त्याला एरवी त्यांच्या मेमरीत डोकावता येतं. गोपनीय मशीनची तऱ्हा वेगळी. तिथं प्रोसेसर स्वतःच ती मेमरी कुलूपबंद करतो, सर्व्हरच्या मालकालाही आत बघता येत नाही. पण मशीन जागं व्हायचं तर त्यात आधी काहीतरी ठेवावं लागतं. ते फर्मवेअर, सगळ्यांत पहिल्यांदा चालणारा प्रोग्राम. आणि ते ठेवणार कोण, तर ज्याच्यावर भरवसा नाही तोच, सर्व्हर. म्हणून फर्मवेअर मेमरीत पानापानानं, म्हणजे ठरावीक मापाच्या तुकड्यांनी, ठेवलं जाताना प्रोसेसर प्रत्येक पान तपासून घेतो आणि शेवटी सगळ्यांचा मिळून एक ठसा काढतो. दवाखान्याकडं खरा ठसा आधीच असतो. दोन्ही जुळले, तरच रुग्णांची माहिती उघडायची किल्ली मशीनला मिळते. एखादं अक्षर जरी इकडचं तिकडं झालं, तरी ठसा पार बदलतो. फर्मवेअर नेमक्या जागी, नेमक्या क्रमानं मेमरीत ठेवणारा सॉफ्टवेअरचा भाग रोहिणीच्या हातात होता.

काम तिला आवडायचं. पण त्या खोलीचा तिला वीट आला होता. खिडकीतून समोरच्या घराची पाण्याची टाकी दिसायची, बाकी काही नाही. मंडईत जाणंसुद्धा दोन मीटिंगच्या मधल्या फटीत. त्यात जैनांचं घर आणि चातुर्मास. अव्वा दिवस मावळायच्या आत जेवायच्या, आणि नेमकी त्याच वेळेला जर्मनीतल्या लोकांबरोबरची मीटिंग. एका कानाला हेडफोन लावून रोहिणी भाकऱ्या थापायची. बोलायची पाळी आली की पिठाच्या बोटानं आवाज चालू करायची. तव्यावर भाकरी करपली की दोन्हीकडं तिचीच चूक.

अशात तिला बाहेर पडायचं दार दिसलं. ती जिथं शिकली त्या इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवायची जागा निघाली. मुलाखत झाली, प्राचार्य म्हणाले, "ऑगस्टच्या सुरुवातीला हजर व्हा, सत्र थांबणार नाही." रोज दहाला घराबाहेर पडायचं, पोरांच्या गोंगाटात बोलायचं, चारला परत. अव्वांना दिवसभर सोबत म्हणून गल्लीतल्या बाळाबाई यायला तयार झाल्या. वृषभ म्हणाला, "जा की मग. विचारतीस काय?" रोहिणीनं राजीनामा दिला. नोटीस मात्र तीन महिन्यांची, म्हणजे सुटका सप्टेंबरात.

"तेवढं लवकर सोडा मला," तिनं धैर्यशीलला फोनवर विनवलं.

"बघू," तो म्हणाला.

जुलैत पंचगंगा फुगली, राजाराम बंधारा पाण्याखाली गेला, आणि त्याच आठवड्यात पुण्याहून बोंब आली. एका मोठ्या दवाखान्याची मशीन सुरूच होईनात. सगळी नाहीत, काही सर्व्हरवरचीच. फर्मवेअर तेच, पण ठसा वेगळा येत होता. दवाखान्याची बाजू म्हणत होती, हा ठसा आम्ही ओळखत नाही, किल्ली देणार नाही. आणि त्यांचं बरोबरच होतं.

धैर्यशीलचा फोन आला. "हे बघ, वेगळा म्हणजे दर वेळी एकच वेगळा ठसा येतोय. म्हणजे दोनच झाले की. दुसरापण खरा म्हणून आपण दवाखान्याला देतो त्या यादीत घालून टाक. मशीन सुरू होतील, गिऱ्हाईक गप होईल."

"पण तो का येतोय, ते कळलं न्हाय अजून."

"नंतर शोधू. रोहिणी, हे मिटव आणि तू मोकळी. मी महिनाअखेर तुला सोडतो. लिहून देतो पाहिजे तर."

फोन ठेवून ती पडद्याकडं वळली. त्यानं मागितलेलं काम एका ओळीचं होतं. तिनं ती ओळ लिहिलीसुद्धा. दुसरा ठसा, लांबलचक आकडा, पहिल्याच्या खाली नीट बसवला. आता पाठवायचं तेवढं राहिलं होतं.

आणि तिला ते पाठवता येईना. तो ठसा कशाचा, हे तिला माहीत नव्हतं. कदाचित काहीच नसेल. कदाचित कुणीतरी फर्मवेअरमध्ये आपलं काही घुसडलं असेल, आणि आपण त्यालाच "ये, आत ये" म्हणत असू. सगळी तपासणी होती ती नेमकी यासाठीच. न कळलेल्या गोष्टीला खरं म्हणायचं असेल, तर इतकी वर्षं या खोलीत बसून तिनं केलं काय?

खालून अव्वांची हाक आली. "रोहिणी, ऊन उतरलं गं!"

"आलो!" म्हणून ती खाली गेली. भाकऱ्या झाल्या. अव्वा जेवल्या. वर येऊन तिनं ती ओळ खोडली आणि धैर्यशीलला फोन लावला. "ठसा घालणार न्हाय मी. कारण शोधतो आधी."

मग तो म्हणाला, "तुला घरून काम मिळावं म्हणून मी कुणाकुणाशी भांडलोय, ठाऊक हाय न्हवं?"

"ठाऊक हाय."

"मग तुझ्या सुटकेचं माझ्या हातात न्हाय आता. हे अर्धवट टाकून तुला सोडलं तर मलाच उभा जाळतील."

ते दिवस फार वाईट गेले. दवाखान्याचे लोक रोज मीटिंगला यायचे आणि रोज तेच विचारायचे. घरात बाळाबाईंनी यायची तयारी करून ठेवलेली, त्या दारातून विचारायच्या, "कधीपास्नं येऊ?" कॉलेजातून फोन यायचा. रोहिणीनं तिथं खरं ते सांगितलं, अजून थोडे दिवस द्या म्हणाली. रविवारी वृषभनं तिला जोतिबाच्या डोंगरापर्यंत गाडीवरून फिरवून आणतो म्हटलं, तर तिनं नको म्हटलं. मग तोही चिडला. "तू कुणाची बांधलेली हायेस गं? राजीनामा दिलायस न्हवं?"

"दिलाय. पण सोडवत न्हाय."

कारण सापडलं ते अगदी साधं निघालं. फर्मवेअरची फाइल शेवटच्या पानावर संपायची, पण ते पान पूर्ण भरायची नाही. थोडी जागा उरायची. ती उरलेली जागा कुणी पुसतच नव्हतं. नव्या सर्व्हरवर ती कोरी असायची. पण काही सर्व्हरवर त्याच जागेतून आधी दुसरी एक फाइल गेलेली असायची, आणि तिची शेपटी तिथं तशीच पडून राहायची. प्रोसेसर पान तपासायचा ते अख्खं, शेपटीसकट. ठसा बदलायचा तो त्यामुळं. कुणी चोर नव्हता, कुणी काही घुसडलं नव्हतं. पान आधी कोरं करायचं आणि मगच त्यात फर्मवेअर ठेवायचं, एवढाच उपाय. तिनं तो केला, सगळ्या सर्व्हरवर चालवून पाहिला. ठसा सगळीकडं एकच आला.

धैर्यशीलनं ऐकून घेतलं. "म्हणजे धोका नव्हताच की. दुसरा ठसा घातला असता तरी काय बिघडलं नसतं."

"तवा कुणाला ठाऊक होतं, सर?"

"तेपण खरं," तो म्हणाला. मग आवाज जरा खाली आणून, "महिनाअखेर सोडतो म्हणालो होतो. आता सोडायला हरकत न्हाय माझी."

पण महिना कधीच संपला होता. रोहिणीनं कॉलेजात फोन केला तेव्हा सत्र सुरू झालं होतं. प्राचार्य भले गृहस्थ. ते म्हणाले, "तुमची वाट पाहिली आम्ही, मॅडम. पण पोरं वर्गात बसून होती." जागेवर दुसरी मुलगी रुजू झाली होती. रोहिणीनं "हो, बरोबर आहे" म्हटलं, फोन ठेवला आणि पीठ मळायला घेतलं. त्या दिवशी मीटिंगला ती गेली नाही. कारणही कळवलं नाही.

अव्वा पाटावर नाही, खुर्चीवर बसून जेवायच्या आता. पहिला घास मोडून त्या थांबल्या. "कालेजचं काय झालं गं?"

"भरली जागा."

"कवा?"

"झालं चार दिस."

अव्वांनी घास ताटात ठेवला. दिवस कलत आला होता, आणि त्या एरवी अशा वेळी बोलण्यात वेळ घालवत नसत. "मी अडीवलं का गं तुला?"

रोहिणीला पटकन नाही म्हणायचं होतं. सुनेनं तसंच म्हणायचं असतं. पण तोंडातून निघालं ते, "थोडं."

बोलून गेल्यावर ती घाबरली. अव्वांनी तिच्याकडं बघितलं, मग खिडकीकडं, मग हळूच घास उचलला. "थोडंच म्हणतीस ते बरं हाय," त्या म्हणाल्या. "मला वाटलं समदं मीच." त्या जेवल्या. रोहिणी शेजारी बसून राहिली आणि डोळे पुसत राहिली.

नोटीस संपायच्या आत तिनं राजीनामा परत घेतला. कोल्हापुरात हे काम दुसरीकडं कुठं मिळणार होतं? धैर्यशील खूश झाला. शेवटच्या पानाची चूक तिनं शोधल्यापासून वरचे लोक म्हणू लागले होते की हा भाग रोहिणीशिवाय कुणाच्या हाती द्यायचा नाही. मध्यंतरी तिनं दुसऱ्या कामावर बदली मागितली, तर हेच कारण सांगून ती नाकारली गेली. शिकायला म्हणून स्नेहल नावाची एक मुलगी दिली. ती पुण्यात बसून प्रश्न विचारते, रोहिणी इथून उत्तरं देते. जर्मनीची मीटिंग मात्र तिनं चातुर्मासापुरती तासभर पुढं ढकलून घेतली. भांडूनच घेतली.

बाळाबाई आता रोज दुपारी येतात. रोहिणीला तेवढा वेळ बाहेर पडता येईल म्हणून अव्वांनीच त्यांना बोलावलं. कधी ती पडते, बंधाऱ्यापर्यंत चालत जाऊन पाण्याकडं बघून येते. पण बऱ्याच दिवशी बाळाबाई आणि अव्वा खाली बोलत बसतात, वर फोन वाजत असतो, आणि रोहिणी खिडकीतल्या टाकीकडं पाठ करून पडद्यापुढं बसलेली असते.