बेड नंबर बाराचं रिकामं ताट

मंगळवार, ११ फेब्रुवारी. सकाळचे साडेदहा. कार्डियाक वॉर्डाबाहेर ट्रॉली लावली होती आणि मी नाश्त्याची परत आलेली ताटं तपासत होते.

मी डाएटिशियन आहे. लोकांना वाटतं, आमचं काम म्हणजे बारीक होण्याचे तक्ते लिहून देणं. हॉस्पिटलमधल्या डाएटिशियनचा अर्धा दिवस उष्ट्या ताटांत जातो. पेशंटला काय दिलं हे किचन सांगतं. त्याने काय खाल्लं हे उष्टं ताट सांगतं. आम्ही याला प्लेट वेस्ट म्हणतो. किती उरलं ते पाहायचं, शीटवर लिहायचं, त्यावरून पोटात किती गेलं ते काढायचं.

बेड बाराचं ताट पुन्हा चकचकीत होतं. इडली नाही, चटणी नाही, उकडलेल्या अंड्याचा कणही नाही. सलग चौथा दिवस. शीटवर चारही दिवस 'शंभर टक्के खाल्लं'.

बेड बारावर उम्म सालेह होत्या. उम्म सालेह म्हणजे सालेहची आई. येमेनमध्ये बाईला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात, म्हणून वॉर्डातही तेच नाव पडलं. वय साठीच्या पुढे. हृदयाची झडप बदलायची होती. सालेह पाच वर्षांपासून नागपुरात फार्मसी शिकतो, प्रताप नगरला खोली घेऊन राहतो. तोच आईला इथे घेऊन आला. पण बाई इतक्या अशक्त होत्या की डॉक्टर ऑपरेशनला हात लावायला तयार नव्हते. आधी अंगात ताकद आणा, असं त्यांनी मला सांगितलं होतं. शिवाय मीठ जवळजवळ बंद, कारण अशा पेशंटच्या अंगात मिठाने पाणी साठतं.

वजन रोज उतरत होतं. पाणी काढायची गोळी चालू असली की ते उतरतंच, म्हणून कोणाला शंका आली नाही. मलाही नाही. त्या सकाळी मी त्यांच्या हातात ग्रिपचं यंत्र दिलं. ते मुठीत धरून दाबायचं असतं, त्यावरून स्नायूंचा जोर कळतो. शुक्रवारी काटा अकरावर गेला होता. आज सातवर अडकला. शंभर टक्के खाणाऱ्याचा काटा असा पडत नाही.

ट्रॉली ढकलणाऱ्या कमलबाई वॉर्डात वीस वर्षं आहेत. त्या माझ्याकडे बघत उभ्या होत्या.

"म्याडम, म्हातारी कुठं खाऊन राहिली? तिचा पोरगा खाते. ती भिंतीकडं तोंड करून पडून राहते."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही इचारलं कुठं? तुमच्या कागदावर ताट भरलेलं का रिकामं, एवढंच हाय. रिकामं होतं. रिकामं सांगतलं."

शीट मीच बनवली होती.

सालेहला बाहेर बोलावलं. सत्तावीस वर्षांचा उंच माणूस, शाळेतल्या मुलासारखा मान खाली घालून उभा राहिला.

"मैं खाया, मॅडम."

"क्यों?"

"अम्मी बोली, वापस मत भेजना."

मग त्याने समजावलं. त्यांच्याकडे पाहुण्यापुढे मांडलेलं अन्न न शिवता परत गेलं तर यजमानाचा अपमान होतो. त्याच्या आईच्या लेखी आम्ही यजमान होतो. तिला घास गिळवत नव्हता आणि ताट परत पाठवणंही पटत नव्हतं. मुलाने दोन्ही अडचणी सोडवल्या. चार दिवसांत त्याचं वजन नक्की वाढलं असणार.

"उनको खाना क्या है?"

"फहसा," तो चूक केल्यासारखा म्हणाला.

फहसा म्हणजे मऊ शिजवून धागे सुटे केलेलं मटण, वर मेथीचा फेस, दगडी भांड्यात उकळतं वाढलेलं. सना शहरात, म्हणजे त्यांच्या गावी, रोज दुपारचं जेवण तेच. नागपुरात ते एकाच ठिकाणी मिळतं, हनीफभाईंच्या येमेनी रेस्टॉरंटमध्ये, असं तो म्हणाला.

डॉक्टरांना राउंडवर गाठलं. ते चिडले नाहीत. ते चिडत नाहीत, पुढचं सांगतात.

"उद्या सकाळच्या राउंडपर्यंत पोटात काही गेलं नाही, तर नळी टाकू."

ही नळी नाकातून पोटात जाते, तिच्यातून पातळ अन्न सोडतात. बहुतेक पेशंट ती ओढून काढायला बघतात. मग हात बांधावे लागतात. उम्म सालेहंचे हात बांधलेले मला बघायचे नव्हते.

"बाहेरचं अन्न आणू? मेथी असते त्यात, शुगर उतरू शकते."

"शुगर बघत राहू. मीठ तुमची जबाबदारी. लिहा आणि सही करा."

लिहिलं. सही केली. सालेहला गाडीवर मागे बसवलं आणि निघाले.

हनीफभाईंचं रेस्टॉरंट माझ्या घरापासून चारशे पावलांवर निघालं. आठ महिन्यांपासून त्याची हिरवी पाटी मी जाता-येता बघत होते. कधी आत गेले नव्हते. तीन वर्षांपूर्वी अशोक, माझे मिस्टर, गेले. तेव्हापासून मी बाहेर जेवलेच नव्हते. खरं तर ते होते तेव्हाही फारसं जेवलो नव्हतो. त्यांना नवी पाटी दिसली की आत शिरायचं असायचं. मी म्हणायची, घरी भाजी आहे.

आत टेबलं तीनच होती, बाकी गालिचा. सहा-सात येमेनी विद्यार्थी एका मोठ्या थाळ्याभोवती बसून जेवत होते. ॲप्रन बांधलेला, दाढीला मेंदी लावलेला माणूस पुढे आला, तेच हनीफभाई.

"बसा, म्याडम. घाबरू नका, मी इथल्या काटोलचाच आहो."

"घाबरत नाही. मला एक फहसा हवाय. बिनमिठाचा."

"बिनमिठाचा? काहून? काय बिघडवलं त्यानं तुमचं?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी शेवटी सालेहकडे वळून एवढंच विचारलं, "सनात कुठं राहते तुझी अम्मा?" सालेहने कुठल्याशा जुन्या बाजाराचं नाव घेतलं. हनीफभाईंनी हात ॲप्रनला पुसले आणि पुसतच राहिले.

ते अठरा वर्षं सनाला एका हॉटेलात स्वयंपाकी होते. लढाई सुरू झाली तेव्हा अंगावरच्या कपड्यांनिशी परत आले.

"दुपारी बारा वाजले का म्याडम, तिथं अख्ख्या गल्लीतून दगडी भांड्यांचा आवाज येते. चर्र चर्र. घराघरातून. इथं माझ्या एकट्याचाच येते."

"जायचंय परत?"

"मी काटोलचा. मले तिथं कोण बलावते?" ते म्हणाले आणि किचनकडे वळले.

मीही मागे गेले. केसांना टोपी घातली. पाहिल्याशिवाय मी कशाची खात्री देत नाही. म्हणजे, आता देत नाही. भिजवलेली मेथीची पूड त्यांनी हाताने घोटायला घेतली. पिवळट चिखलासारखी होती, ती घोटून घोटून पांढऱ्या फेसासारखी फुलली. पाट्यावर लाल मिरची, लसूण, टोमॅटो, जिरं वाटलं. मिरची कुठली, विचारलं.

"भिवापूरची. सनाची मिळत नाही. ही जवळ जाते."

दगडी भांडं लाल होईस्तोवर तापलं. त्यात मटण पडलं आणि आवाज झाला. सालेह दारात उभा होता, त्याने डोळे मिटले. हनीफभाईंचा हात सवयीने मिठाच्या डब्याकडे गेला. मी डबा उचलून स्वतःकडे धरून ठेवला.

"लय कडक बाई आहे," ते सालेहला म्हणाले. मग मला म्हणाले, "पयले तुम्ही खा. तुमच्या जिभेले चाललं, तर अम्माले नेऊ."

गालिच्यावर बसले. गुडघे कुरकुरले. भांडं समोर आलं तेव्हा अजून खदखदत होतं, वर मेथीचा फेस, त्यावर ती लाल चटणी. परातीएवढी रोटी. कणकेत मीठ आधीच पडलेलं होतं, म्हणून बाईंसाठी चतकोर रोटीच ठरवली. चमचा नव्हता. तुकडा तोडला, बुडवला, खाल्ला.

आधी भाजलं. मग तिखट. मग लिंबू. मग मेथीचा कडूपणा मागून येऊन राहिला. मिठाची उणीव कुठल्या घासाला कळते, याची मी वाट बघत होते. तपासायलाच आले होते. पाच घास झाले. दहा झाले. कळली नाही.

अशोकना बीपी होतं. अकरा वर्षं मी त्यांना अळणी जेवण दिलं. अळणी वरण, अळणी दुधी, अळणी फुलके. पानात ते काहीही टाकत नसत. मी पेशंटना त्यांचं उदाहरण द्यायची. ते गेल्यावर ऑफिसने त्यांच्या ड्रॉवरमधलं सामान एका खोक्यात घालून पाठवलं. चष्मा, दोन पेनं, आणि होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या बाटलीत मीठ. अर्धी बाटली संपलेली. मी ती सिंकमध्ये रिकामी केली आणि कोणाला सांगितलं नाही.

हजारो तक्त्यांवर मी 'मीठ कमी करा' लिहिलं आहे. त्या जागी काय घाला, हे 'चवीसाठी लिंबू' या दोन शब्दांत उरकलं. कडू, आंबट, तिखट आणि चटका, इतकं सगळं हातात असताना मी त्यांना अकरा वर्षं अळणी वरण वाढलं. अशोक समोर बसून फुंकर मारत, नाक पुसत हे जेवले असते. मला ते अगदी स्पष्ट दिसत होतं. समोरची गालिच्यावरची जागा रिकामी होती.

"चाललं?" हनीफभाईंनी विचारलं.

"चाललं. पार्सल द्या."

"पार्सल? प्लास्टिकच्या डब्यात? थंडा फहसा तुमच्या दवाखान्यातल्या माणसाले द्या. अम्माले नाही."

त्यांनी दुसरं भांडं चढवलं, खदखदतं पोत्यात गुंडाळलं, बादलीत बसवलं आणि बादली मांडीवर घेऊन रिक्षात बसले. हॉटेल विद्यार्थ्यांवर सोडलं. आम्ही गाडीवर पुढे.

वॉर्डात पोतं उलगडलं तेव्हा भांडं अजून बारीक चरचरत होतं. उम्म सालेह भिंतीकडे तोंड करून होत्या. आधी त्यांचं डोकं वळलं. मग त्या कोपरावर उठल्या. मी सालेहला टेकायला उशी दे म्हणाले, तोवर त्या बसल्या होत्या.

पण खाल्लं नाही. रोटी तोडली आणि तुकडा माझ्यासमोर धरला.

"पहले आप," सालेह हळूच म्हणाला. "खाना अब हमारा है, तो मेहमान आप."

पेशंटच्या जेवणातलं स्टाफने खायचं नाही, हा नियम मी दर सहा महिन्यांनी ट्रेनिंगमध्ये शिकवते. तो तुकडा घेतला, बुडवला, खाल्ला. कमलबाई दारातून बघत होत्या. त्यांनी नजर छताकडे वळवली.

मग उम्म सालेह जेवल्या. घाईने नाही. बोटांनी भांड्याची कड पुसत, मधे थांबत. मी खुर्ची ओढून बसले आणि घास मोजले. भांड्यातले तिनातले दोन भाग गेले, एक राहिला. चतकोर रोटी संपली. शेवटी त्यांनी हनीफभाईंकडे बघून अरबीत चार वाक्यं सुनावली. सालेह लाजला. हनीफभाई आधी हसले, मग बाहीने डोळे पुसायला लागले.

"काय म्हणाल्या?"

"म्हणते, मेथी घोटणारा आळशी आहे. हात थांबवून थांबवून घोटली म्हणते. आन् मीठ काय स्वयंपाक्यानं विकून खाल्लं का, म्हणते." त्यांनी रिकामी बादली उचलली. "किती वर्षांनी मले कोणी सनाच्या बोलीत शिव्या दिल्या, म्याडम. उद्या पुन्हा आणतो."

त्यांनी पुढे बावीस दिवस आणलं. ऑपरेशन झालं. उम्म सालेह आता मुलाच्या खोलीवर आहेत आणि सनाची विमानं सुरळीत कधी सुरू होतील, ते रोज विचारतात.

पण ते नंतरचं. पहिल्या फहसानंतर, बुधवारी सकाळच्या राउंडला डॉक्टरांनी शीट वाचली, "तुम्ही स्वतः पाहिलं?" एवढं विचारलं आणि नळीची ऑर्डर खोडली. ग्रिपचा काटा सातवरच होता. एका दिवसात स्नायू येत नाहीत. मी कॉम्प्युटरवर शीट उघडली आणि 'किती उरलं' या रकान्याशेजारी नवा रकाना टाकला: 'कोणी खाल्लं'. रिकाम्या ताटावरून एवढंच कळतं की ताट रिकामं आहे. हे शिकायला मला सव्वीस वर्षांची नोकरी आणि एक संसार लागला.

त्या सकाळी ड्युटीला निघण्याआधी मी आणखी एक काम केलं होतं. आदल्या संध्याकाळी दोन चमचे मेथीची पूड भिजत घातली होती, ती सहा वाजता घोटायला घेतली. हात भरून आला, तरी हनीफभाईंसारखी फुलली नाही. उम्म सालेहंनी मलाही आळशी म्हटलं असतं. गॅसवर लोखंडी कढई तापवली, कालचं अळणी वरण त्यात ओतून उकळी आणली, वर फेस घातला, भिवापूरची मिरची लसणाबरोबर वाटून त्यावर टाकली. मिठाचा डबा उघडला नाही. रोज ओट्याशी उभी राहून खाते तसं खाल्लं नाही. टेबलावर कढई ठेवली, भाकरी घेतली आणि बसून जेवले. शेवटच्या घासापर्यंत वरण गरम होतं.