छत्रीला बांधलेला झोका

सुरतेच्या नवागाम वस्तीत सुकलालला लांबून हाक मारून उपयोग नसे. त्याच्या समोर जाऊन उभं राहावं लागे. धुळ्याकडून सुरतेत आला तेव्हापासून त्याची सगळी उमेदीची वर्षं कापडाच्या लूमच्या कारखान्यात गेली, आणि त्या खटखटाटात कानही गेले. तिथे कुणाचा शब्द कुणाला ऐकू येत नसे, म्हणून सगळे हातानेच बोलत. बोट वाकवलं की धागा तुटला, मूठ वळली की थांब, आणि आडवा तळहात सावकाश पुढे सरकवला की सगळं सुरळीत चाललंय. त्याची बायको मंगलाबाई लग्नानंतर काही वर्षं त्याच कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला जाई. त्यामुळे घरीसुद्धा दोघांचं अर्धं बोलणं हातानेच चाले. शेजारणी म्हणत, "यांचं भांडण ऐकायला मिळत नाही, नुसतं बघावं लागतं."

कान गेल्यावर सुकलालने लूम सोडला आणि तो एका केबलवाल्याकडे टीव्हीच्या छत्र्या बसवू लागला. आकाशातल्या उपग्रहाकडे तोंड करून छत्री नीट बसवायची, एवढंच काम. त्यात ऐकण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ते त्याला मानवलं.

सत्त्याण्णव साली वस्तीतल्या महिला मंडळाच्या हॉलमागे त्याने एक मोठी छत्री बसवली. अंगणवाडीच्या बायकांचं शिक्षण आता उपग्रहावरून होणार होतं. अमदावादच्या स्टुडिओत मॅडम शिकवणार, आणि ते एकाच वेळी इथे नवागामलाही दिसणार अन् पार डांगच्या डोंगरातल्या केंद्रांवरही. बायकांनी फोनवरून प्रश्न विचारायचे, ते सगळीकडे ऐकू जायचे. सुकलालने खांब छातीएवढ्या खड्ड्यात काँक्रीट ओतून उभा केला आणि मंडळाच्या सुलभाताईंना म्हणाला, "हत्ती बांधा ताई, हलायचा नाही."

हे वाक्य पुढे त्याच्याच अंगाशी आलं.

त्याची एकुलती एक लेक, वर्षा, डांगमध्ये दिली होती. तीही तिकडे अंगणवाडीत होती. तिच्या गावात फोन नव्हता. दिवाळीनंतर लेकीचा आवाज मंगलाबाईच्या कानावर पडला नव्हता. आता अखाजीला ती येईल म्हणून तिने सांजोऱ्यांचा रवा आणून ठेवला होता. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशातल्या लेकी माहेरी येतात, झोके खेळतात, गाणी म्हणतात. पण वर्षाचा निरोप आला तो वेगळाच. नेमका अखाजीच्या दिवशी टीव्हीवरचा वर्ग होता, तिला तालुक्याच्या केंद्रावर जावं लागणार होतं. 'मी प्रश्न विचारणार आहे,' तिने कळवलं होतं. 'तुम्ही हॉलमध्ये बसा.'

अखाजीच्या सकाळी वस्तीतल्या माहेरवाशिणी मंगलाबाईकडे आल्या. झोका बांधायचा कुठे? नवागामच्या त्या गल्ल्यांत झाड म्हणून नव्हतं. मंगलाबाईला नवऱ्याचं वाक्य आठवलं. तिने स्वतःच छत्रीच्या खांबापासून हॉलच्या पत्र्याच्या खांबापर्यंत आडवा बांबू बांधून दिला, आणि त्याला दोर सोडला. दुपारपर्यंत गाणी आणि झोके चालू होते.

वर्गाची वेळ झाली. सुलभाताईंनी टीव्ही लावला तर पडद्यावर नुसत्या मुंग्या.

सुकलाल धावत मागे आला आणि झोका बघून जागीच थबकला. झोक्यावर मंदा होती, गल्लीतली सगळ्यात थोराड लेक.

"आबा, तुम्हीच म्हने ना, हत्ती बांधा!" ती त्याच्यासमोर तोंड नेऊन ओरडली. "मी काय हत्तीपेक्षा जड शे का?"

"उतर आधी!"

खांब खरोखर हलला नव्हता. पण हिसक्यांनी वरची छत्री दोन बोटं फिरली होती, आणि उपग्रहाला दोन बोटं म्हणजे दुसरा मुलूख.

मंगलाबाईचा चेहरा उतरला. दुसऱ्या कुणाला न सांगता तिने स्वतःच बांबू सोडवला. मग ती हॉलच्या दारात जाऊन उभी राहिली, जिथून टीव्हीही दिसे आणि नवराही. सुकलालने नट सैल केला, छत्री दोन्ही हातांनी धरली आणि तो बायकोच्या हाताकडे बघू लागला. तिने बोट वाकवलं. नाही. त्याने केसभर सरकवली. पुन्हा बोट. आणखी केसभर. आतून सुलभाताई सांगत होत्या, "मंगलाबाई, डांगच्या बायकांचे फोन सुरू झाले असतील हो!"

एकाएकी मंगलाबाईची मूठ वळली. थांब.

तो थांबला. नट आवळायला हात मोकळा करावा, तर छत्री वाऱ्याने पुन्हा फिरायची. पाना पायाशी पडला होता. तो तसाच, छत्रीला मिठी मारल्यासारखा उभा राहिला.

आत चित्र स्वच्छ आलं होतं. मॅडम कुणाचा तरी फोन घेत होत्या, आणि आवाज वर्षाचा होता. वजन न वाढणाऱ्या एका मुलाबद्दल तिने गुजरातीत विचारलं, मॅडमनी समजावलं. फोन ठेवता ठेवता ती घाईघाईने म्हणाली, "माय, अखाजीले येवाले जमनं नही. मी मजामा शे." मॅडम हसल्या. हॉलमधल्या बायकाही हसल्या.

सुकलालला यातलं काही कळलं नाही. त्याला दिसत होती ती दारात उभी असलेली बायको. तिचा हात हवेतच राहिला होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. चित्र गेलं, असंच त्याला वाटलं. त्याचे खांदे भरून आले होते, तरी छत्री त्याने सोडली नाही.

मग मंगलाबाई त्याच्याकडे वळली. पदराने डोळे पुसले. आणि तिने तळहात आडवा धरला, सावकाश, खूप सावकाश पुढे सरकवला.

मंदाने खाली वाकून पाना उचलला आणि त्याच्या हातात दिला.