सुनेची राखण

मुलानं मला मस्कतला बोलावलं तेव्हा एवढंच म्हणाला, "आई, बाळाला आजी हवी." मी शाळेतून रिटायर झालेली, गुहागरजवळच्या गावात एकटी. मला काय, आनंदच झाला. कुळथाचं पीठ, कोकमं, नातीसाठी टोपडी असं अर्धं घर बॅगेत भरून विमानात बसले.

सून नॉर्वेची. मुलगा तिकडे जहाजांच्या यार्डात कामाला होता, तिथेच जमलं. कंत्राट संपलं तसा तो तिला घेऊन ओमानला आला आणि मस्कतपासून लांब, दुक्मला रिफायनरीच्या कामावर लागला. तिथल्या कॅम्पात सगळे पुरुष, बायकामुलांना जागा नाही. म्हणून सुनेला नि नातीला मस्कतच्या रुवी भागात, चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ठेवलेलं. हा महिन्यातून एकदा गुरुवारी रात्री यायचा आणि शनिवारी परत.

आमची पहिली खडाजंगी झाली ती बाल्कनीवरून. जानेवारीत तिथे छान गार वारा सुटतो. ही बया पोरीला बाबागाडीत घालून बाल्कनीत झोपवायची आणि स्वतः आत येऊन दार लावून घ्यायची! म्हणे, आमच्याकडे बर्फ पडत असला तरी मुलं बाहेरच झोपतात. अगो बाई! आमच्याकडे वर्षाच्या आत पोराच्या कानाला वारा लागू देत नाहीत. मी नातीला आत आणायची, टोपडं बांधायची, ओव्याची धुरी द्यायची. की ही टोपडं काढून परत बाहेर. तिचं इंग्रजी फाडफाड, माझं शाळेच्या पुस्तकातलं, पण भांडायला भाषा लागते कुठे? शेवटी मी मुलाच्या कानावर घातलं. पुढच्या खेपेला त्यानं बाल्कनीच्या दाराला कुलूप लावलं आणि किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात दिला. मी मनात म्हटलं, जिंकले. सून भांडी घासत राहिली.

मग उन्हाळा लागला. खिडकीसुद्धा उघडायची सोय नाही, दिवसभर एसीची घरघर आणि ओढलेले पडदे. सून पोरीला कडेवर घेऊन हॉलमधून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून हॉलमध्ये फेऱ्या मारायची. लग्नाआधी डोंगरच्या डोंगर पायी तुडवणारी बाई ती. बघून माझाच जीव घुसमटायचा.

एका संध्याकाळी ती बाबागाडी घेऊन खाली उतरली आणि चालत सुटली. रुवीत गोरी बाई चालताना दिसली की टॅक्सीवाले हॉर्न मारणार, गाड्या थांबणार, "मॅडम, लिफ्ट?" बिचारी अर्ध्या तासात लालबुंद होऊन परत आली. तेवढ्यात शेजारच्यांनी तिला बघून माझ्या मुलाला फोन केलाही होता. लगेच त्याचा मला फोन.

"आई, तू घरात असताना ती बाहेर गेलीच कशी?"

"म्हणजे? फिरायला गेली होती."

तो म्हणाला, "ती पोरीला घेऊन गेली तर परत यायची नाही. दोनदा बोलून दाखवलंय तिनं. म्हणून तर तुला आणलं. दोघींचे पासपोर्ट कपाटात आहेत, किल्ली त्याच जुडग्यात आहे. सांभाळ."

असा संताप आला मला! म्हणजे मी आजी नव्हेच. नारळाच्या बागेला ठेवतात तशी राखणदारीण. आणि राखणदारीण तरी कुठे सुटलेली होती? खालच्या ग्रोसरीपलीकडचा रस्ता मला ठाऊक नव्हता. कुलपाच्या आत आम्ही तिघीही होतो.

मी मुलाला सरळ म्हटलं, "उन्हाळाभर तिला माहेरी पाठव." तो म्हणाला, "अर्बाब, आमचा मालक, रजा देत नाही, मी बरोबर कसा जाऊ? प्रोजेक्ट संपला की बघू, इन्शाल्ला." मी म्हटलं, "देवाचं नाव कशाला घेतोस? नाही म्हणायचंय तर नाही म्हण की!" त्यानं फोन ठेवला.

आमच्याकडे सुनेला माहेरी न्यायला भाऊ येतो, मुराळी. तो दारात आला की सासू कितीही खाष्ट असो, लाजेकाजेस्तव चार दिवस सोडते. माझ्या सासूनं मात्र माझ्या भावाला दोन वेळा चहा पाजून रिकामा परत लावून दिला होता. दाराआडून मी त्याची पाठ बघत राहिले होते. ते मी मरेपर्यंत विसरायची नाही. आणि हिला तर भाऊही नाही.

एक दिवस पोरीसाठी पेज ढवळता ढवळता ती रडायला लागली. आवाज नाही, नुसतं पाणी. "आई, मला घरी जायचंय," म्हणाली. मी नातीला मांडीवर घेऊन बसले होते, ती माझ्या बांगड्या चावत होती. मी विचारलं, "परतीचं तिकीट काढशील?"

हो म्हणाली असती तर मी खुशाल विश्वास ठेवला असता. मला ठेवायचाच होता. तिनं गॅस बंद केला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "नाही, आई."

दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. नातीला मात्र क्षणभर खाली ठेवलं नाही. तिसऱ्या दिवशी उठले, कपाट उघडलं आणि दोन्ही पासपोर्ट तिच्यापुढे ठेवले. निघायच्या सकाळी तिची ओटी भरली. पदर कुठला, तिनं टी-शर्टाचं टोक पसरलं. नारळ राहिला, तांदूळ पँटवरून घरंगळले आणि आम्ही दोघी चक्क हसलो. मग नातीचा पापा घेतला आणि लिफ्टचं दार लागलं.

गुरुवारी मुलगा आला. घरभर फिरला, कपाट बघितलं. सगळं ऐकल्यावर म्हणाला, "आई, तू किती भोळी आहेस! तिनं परतीचं तिकीट काढलेलं नसणार. फसवलं तिनं तुला."

"नाही रे. मी विचारलं होतं. खरं तेच सांगितलं तिनं."

"आणि तरी दिलेस पासपोर्ट?"

"तरी दिले."

तो खाली जमिनीवरच बसला. म्हणाला, "मग माझी पोर?"

"माझीही नातच होती ना रे ती," मी म्हटलं, आणि ती गेल्यापासून पहिल्यांदा मला रडू फुटलं.