टेबलावरची भेट

कारखान्याच्या कँटीनमध्ये भाजी कापणाऱ्या बाईला सगळे मावशी म्हणत. कांदा तिच्या हातात आला की पापणी लवायच्या आत त्याचा चुरा व्हायचा. नवे कामगार खिडकीशी उभे राहून बघत बसले की आचारी ओरडायचा, "तिकीट काढलंय का रे?" तिची सुरी तिची स्वतःची होती. कँटीनच्या सुऱ्यांना ती चमचे म्हणायची. सुटी झाली की सुरी धुऊन, फडक्यात गुंडाळून पिशवीत टाकायची आणि घरी न्यायची. कारण मागे ठेवली तर आचारी त्या सुरीने डबे उघडायचा.

एका शनिवारी तिच्या सोळा वर्षांच्या मुलाने त्या पिशवीतून ती सुरी काढली आणि बसथांब्यामागे पलीकडच्या गल्लीतल्या एका मुलाच्या पोटात खुपसली. भांडण हेडफोनवरून होतं. रुग्णवाहिका यायच्या आतच तो मुलगा गेला. तिचा मुलगा घरी आला, बेसिनमध्ये भडाभडा ओकला आणि टीव्ही बघत बसलेल्या आईला चिकटून बसला. लहानपणी करायचा तसं त्याने तिच्या कानाची पाळी दोन बोटांत धरली. तिला वाटलं, पोराला ताप आलाय. पोलीस आले तेव्हाही त्याने कान सोडलेला नव्हता.

कामावर कुणी तिला काढलं नाही. मॅनेजर एवढंच म्हणाला, "मावशी, आता तुमच्या हातात सुरी नको. लोकांचा घास अडतो." तिला बटाटे सोलायचं सोलाणं मिळालं आणि कँटीनच्या सगळ्या सुऱ्या साखळीने टेबलांना बांधल्या गेल्या.

"पराक्रम तुझ्या पोराचा आणि साखळ्या आमच्या गळ्यात," आचारी म्हणाला.

खिडकीतून रोज कुणीतरी विचारायचं, "मावशी, आज काय काय कापलं?" ती मान खाली घालून सोलत राहायची. तिचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. सुधारगृहात मुलाची भेट काचेपलीकडून व्हायची, फोनचा रिसीव्हर कानाला लावून. तिला त्याला हात लावायचा होता. बस, एवढंच.

अशात एका संस्थेच्या मॅडम तिच्याकडे आल्या. शाळाशाळांतून, वस्त्यांतून 'सुरी खाली ठेवा' नावाचा कार्यक्रम करायच्या.

"पोलिसांचं पोरं ऐकत नाहीत, मावशी. माझं तर त्याहून नाही. तुमचं ऐकतील."

"मी काय बोलणार? मला चार माणसांत पाणी मागता येत नाही."

"जे झालं ते सांगायचं. आणि अधीक्षक माझ्या ओळखीचे आहेत. काचेची नाही, टेबलावरची भेट मिळवून देते. समोरासमोर."

मावशी हातातला बटाटा न ठेवताच हो म्हणाली.

पहिल्या शाळेत तिने सुरीची लांबी सांगितली, मूठ कसल्या लाकडाची होती ते सांगितलं. मागच्या बाकावरची पोरं जांभया देत होती. परतताना गाडीत मॅडम म्हणाल्या, "घटना सगळ्यांना माहीत असते. मूल दाखवा, मावशी. तुमचं मूल त्यांना दिसलं पाहिजे."

मग भाजी निवडावी तशी ती आठवणी निवडायला लागली. फुगा फुटला की कॉटखाली लपायचा, हे एका शाळेत सांगितलं. इंजेक्शन देणाऱ्या नर्सलाच "दुखलं का?" विचारलं होतं, हे दुसरीकडे. लोक हळहळायचे. ती घरी यायची तेव्हा अंगावरचं काहीतरी विकून आल्यासारखं वाटायचं. एक गोष्ट मात्र तिने हातची राखली होती.

मग क्रीडा संकुलातला मोठा कार्यक्रम आला. भाषण पडत चाललं होतं. पोरं फोनमध्ये डोकी घालून बसली होती आणि पहिल्या रांगेत मॅडम घड्याळाकडे बघत होत्या. भेट अजून मिळाली नव्हती. मावशीच्या तोंडून ती राखलेली गोष्ट निघून गेली. घरी त्याला आम्ही चिमण्या म्हणतो. बारा वर्षांचा होईपर्यंत माझा कान धरल्याशिवाय त्याला झोप यायची नाही. सुरी मारून आला, तेव्हाही कानच धरला.

फोनमधली डोकी वर आली. मग हुंदके सुरू झाले. कुणीतरी सगळं फोनवर घेतलं होतं. दोन दिवसांत आचाऱ्यानेही ते पाहिलं आणि पहिल्यांदा तिला चहा आणून दिला.

त्याच आठवड्यात टेबलावरची भेट मिळाली.

मुलगा समोर येऊन बसला, पण तिरका. तिने हात पुढे केला. त्याने आपला हात टेबलाखाली घेतला. मग त्याने मान वळवली. डाव्या कानाची पाळी खालून फाटलेली होती. काळ्या दोऱ्याचे टाके, भोवती सूज.

"हे काय रे झालं?"

"झोपवतात मला."

"कोण?"

"सगळे. दिवे बंद झाले की म्हणतात, चिमण्या, झोप आता. आणि पाळीपाळीने कान धरतात. एकाने ओढलाच."

"अरे, मग सांग ना साहेबांना!"

"साहेबांच्या फोनवर पण आहेस तू." तो पहिल्यांदा तिच्याकडे सरळ बघत होता. "इथं ज्याला घाबरतात तोच झोपतो, आई. उजवा कान राहिलाय अजून. तू ते परत घे."

"बोललेलं कसं परत घेऊ, बाळा?"

"मला काय विचारतेस? बोलताना विचारलं होतंस?"

वेळ संपली. तिने त्याला हात लावलाच नाही.

मॅडमना तिने सगळं सांगितलं. मॅडमचे डोळे खरोखरच भरून आले. बाई वाईट नव्हती. डोळे पुसून झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "मावशी, हे पुढच्या कार्यक्रमात सांगा. आत काय होतं ते पोरांना कळू दे. एकही जण सुरीला हात लावणार नाही."

"माझं पोर मरेल तिथं."

"अधीक्षकांशी बोलते मी. पण भेटी चालू राहायच्या तर कार्यक्रमही चालू राहायला हवा ना?" त्यांनी हे अगदी मायेने, मावशीच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं.

पुढच्या कार्यक्रमात व्यासपीठावर दोन खुर्च्या होत्या. एकीवर मावशी, दुसरीवर मेलेल्या मुलाची आई. दोन आया एकत्र, ही मॅडमची कल्पना. ती बाई मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली होती. मावशी उठली तेव्हा तिने मावशीकडे पाहून किंचित मान हलवली. बोल, मी ऐकते, अशी.

मावशीने आधी सभागृहात फोन शोधले. पाच-सहा वर आलेले दिसल्यावरच तोंड उघडलं.

"मी आजवर खोटं बोलले. कान-बिन काही नाही. तुम्ही रडावं म्हणून मला शिकवलं होतं तसं."

मॅडम खुर्चीतून अर्धवट उठल्या.

"माझं पोर कुणाच्या बापाला भ्यालेलं नाही. सात वर्षांचा असताना त्याने वर्गातल्या पोराचं बोट दारात चेपलं. पोर किंचाळत होतं, याने दार सोडलं नाही."

खरं तर चेपलेलं ते बोट तिच्या मुलाचंच होतं. त्या करंगळीचं नख अजून वाकडं उगवतं.

"मांजराची पिल्लं पाण्यात बुडवायचा आणि किती वेळ लागतो ते बघायचा. मलाच त्याची भीती वाटायची. रात्री मी माझ्या खोलीला कडी लावायचे." शब्द आता कांदा कापल्यासारखे भराभर पडत होते. "आणि सुरी मारून आला त्या दिवशी त्याने हात धुतले, जेवायला मागितलं. दोनदा वाढून घेतलं. हसत होता."

शेजारच्या खुर्चीवरून आवाज आला. "हसत होता?"

मावशीने वळून तिच्या डोळ्यांत पाहिलं. पाहणं भाग होतं, फोन दोघींवर होते.

"हसत होता," ती म्हणाली. "म्हणाला, पाण्याच्या पिशवीसारखं पोट होतं त्याचं."

त्या बाईची पर्स खाली पडली. मॅडमनी माइक काढून घेतला आणि दात आवळून एवढंच म्हणाल्या, "भेट विसरा आता."

"विसरले," मावशी म्हणाली.

बाहेर बाकावर त्या बाईला दोघींनी धरून बसवलं होतं. तिच्या तोंडात पाणी घालत होत्या, ते हनुवटीवरून ओघळत होतं. मावशी भिंतीच्या कडेने निघाली होती. एक शाळकरी मुलगी फोन घेऊन तिच्यामागे धावत आली.

"मावशी, माझ्या पुढे कुणाचं तरी डोकं आलं. शेवटचं नीट आलंच नाही. परत सांगाल?"

मावशी थांबली. बाक चार पावलांवर होता. तिथली बाई डोळे उघडे ठेवून इकडेच बघत होती.

"कुठून सांगू?" मावशीने विचारलं.

"हात धुतले तिथून."

मावशीने केस सारखे केले, दोन्ही कान नीट झाकले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा सांगायला सुरुवात केली.