कागद खरे, बाई खोटी

शिरूर पोलीस ठाण्यात उपनिरीक्षक असताना हाताळलेले एक प्रकरण मला अजून स्वस्थ बसू देत नाही. जवळपास कारखाने येऊ लागले होते आणि जमिनींना भाव चढला होता, तेव्हाची गोष्ट.

एके सकाळी यवतहून सत्तरीची एक विधवा ठाण्यात आली. ती तिथे मुलीकडे राहत असे. हातात तलाठ्याची नोटीस होती: केंदूरची तुमची दोन एकर जमीन विकली गेली आहे, हरकत असल्यास कळवा. मी दुय्यम निबंधक कार्यालयातून खरेदीखताची नक्कल मागवली. विकणाऱ्याच्या नावापुढे अंगठा होता. तो पाहून म्हातारी म्हणाली, "सायेब, मी चौथी शिकलेली हाय. मला सही येती. अंगठा कशाला देऊ?"

जमीन घेणारे दौंडचे, रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ. बौद्ध कुटुंब, घराण्यात जमीन घेणारे ते पहिलेच. फंडाची सगळी रक्कम त्यांनी यात घातली होती. घाईही केली नव्हती. वकिलाकडून तीस वर्षांचे दप्तर तपासून घेतले होते. वकिलाचा अहवाल चुकीचा नव्हता. जमीन म्हातारीचीच होती. फक्त निबंधकांसमोर उभी राहिलेली बाई ती नव्हती.

आठवड्याने खबऱ्याने बातमी आणली. यवतच्या एका ढाब्यावर भांडी घासणारी बाई जीपमधून शिरूरला गेली होती आणि नवे लुगडे नेसून परतली होती. महिला शिपायाने विचारताच तिने सांगून टाकले. म्हातारी अंथरुणाला खिळली आहे, तिच्या जागी नुसता अंगठा द्यायचा, असे तिला सांगितले होते. सांगणारा म्हातारीचा सख्खा पुतण्या.

पुतण्या दोन दिवस कानावर हात ठेवून बसला. खरेदीखतावर ओळख देणारा साक्षीदार त्याचाच मित्र होता. त्या मित्राला वेगळ्या खोलीत बसवले, बाईचा जबाब वाचून दाखवला, आणि तो फुटला. मग पुतण्या शांतपणे म्हणाला, "जमीन आमच्याच घरची हाय. म्हातारीमागं ती पोरीच्या सासरी गेली असती."

जमीन म्हातारीकडे राहिली. पुतण्याला काही दिवसांत जामीन मिळाला. भांडी घासणाऱ्या बाईला जामीनदार मिळेना, ती कित्येक महिने येरवड्यात होती. दौंडच्या गृहस्थांचा पैसा पुतण्याने कधीच उडवला होता. त्यांच्या वाट्याला दिवाणी दावा आला.

काही देशांत अशा फसवणुकीसाठी मालकीहक्काचा विमा असतो, हे मला पुढे एका वकिलाकडून कळले. आपल्याकडे तेव्हा त्याचे नावही कोणी ऐकले नव्हते. नोंदणी झाली म्हणजे सरकारने हमी दिली, असेच लोक धरून चालत. सरकार फक्त कागद नोंदवते.

मी त्या गृहस्थांना विचारले होते, एकदा यवतला जाऊन म्हातारीला भेटला का नाहीत? ते म्हणाले, "पुतण्या म्हणाला, काकू आजारी हाय, घरी जाऊन त्रास देऊ नका, नोंदणीला मी आणतो. मला ते बरोबर वाटलं, साहेब."

तेव्हापासून जमीन घेणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो, मालकाच्या घरी जा, आजारी असला तरी जा. एका भल्या माणसाचे भलेपणच आडवे आले, म्हणून इतरांना ते सोडायला सांगावे लागते. हे सांगताना मला कधीच बरे वाटलेले नाही.