कानातली गोष्ट

आमच्या गल्लीत मंडपाचे भोंगे भाड्यानं देणारे एक काका राहतात. जन्मभर 'हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग' केल्यामुळे त्यांना हळू बोलताच येत नाही. दारू सोडायची ठरवली तेव्हा ते माझ्या कानाशी आले. "कोणाले सांगू नका बरं!" म्हणाले, आणि समोरच्या गिरणीत दळण घेऊन बसलेल्या बायांनी माना डोलावल्या.

मग मुलीसाठी स्थळं पाहावीत तशा त्यांनी व्यसनमुक्तीच्या बैठका पाहायला सुरुवात केली. रिसोडची नापसंत, कारण "सारे वळखीचे." मेडशीची नापसंत, कारण "सारे रडूनच राह्यले." वाशीमला तर "माइकच नाही, भाऊ! मांगच्यायले काय आयकू येईन?"

"मंग तुमचाच न्या ना," मी म्हणालो.

परवा ते अनसिंगहून आले. मी विचारलं, "कसं काय स्थळ?"

ते काहीतरी बोलले. मला ऐकूच आलं नाही, म्हणून मी कान पुढे केला.

"बोलायची पाळी आली तं माझ्या तोंडून शब्दच नाही निघाला, भाऊ. पण सारे थांबले. कोणी हासलं नाही. पुन्हा जातो."

गिरणीतून बायांनी विचारलं, "काय म्हणून राह्यले काका?"

"काही नाही," मी म्हणालो.