गेल्या वर्षीचं वाचन

नाताळाआधीच्या आगमनकाळाची पहिली जांभळी मेणबत्ती पेटली, की तिच्या वासानं मला तो रविवार आठवतो. देवळात बायबलमधलं पहिलं वाचन माझ्याकडे होतं. शिक्षण दुसरीपर्यंतचं, पण चारचौघांत अडखळणं आपल्याला मंजूर नाही. म्हणून सुनेनं घरात पडलेल्या देवळाच्या पत्रकातून आठवडाभर वाचून दाखवलं आणि मी पाठच केलं. लोक तलवारी ठोकून नांगराचे फाळ करतील, असा उतारा. सातपूरच्या कंपनीत घण मारण्यात जन्म गेला, मला तो लगेच पटला. रविवारी उभा राहिलो, तर समोरच्या पुस्तकात भलतंच, कुंभार आणि माती! सगळे माझ्याकडे बघतायत. मी आपलं पाठ केलेलंच खणखणीत म्हटलं. मिस्सा संपल्यावर फादर हसत म्हणाले, "बाबा, हे गेल्या वर्षीचं होतं. वाचनं तीन वर्षं फिरतात. हे आता दोन वर्षांनी येईल." "म्हणजे कंपनीतल्या तीन पाळ्यांसारखं?" "अगदी तसंच." "मग तोवर तलवारींचं काय करायचं, फादर?" तेव्हापासून जो नवा फादर येतो, त्याला मी हे विचारतो. पटेल असं उत्तर अजून एकानंही दिलेलं नाही.